फुवांचं इंग्रजांशी भांडण

इंग्रज हा देश सोडून गेले, ही बातमी ज्यांनी शेवटपर्यंत मनापासून मानली नाही असे अख्ख्या खानदेशात एकच गृहस्थ होते, आणि ते आमचे फुवा. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या यजमानांना फुवा. पाचोऱ्याजवळ गिरणेच्या काठाला त्यांची शेती होती. थोडी कपाशी, बरीचशी केळी. बाकीचे लोक इंग्रजांशी लढले, तुरुंगात गेले आणि इंग्रज गेल्यावर घरी येऊन आपापल्या कामाला लागले. फुवा त्या वेळी शाळकरी होते, त्यामुळे त्यांचं लढायचं राहून गेलं. ते राहिलेलं काम पुढं उभ्या आयुष्यात त्यांनी एकट्यानं, विनावेतन आणि अतिशय चोखपणे चालू ठेवलं.

भांडणाचं मूळ मात्र खरं होतं. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी एक गोष्ट होती. फुवांच्या पणजोबांनी एका साली आखूड धाग्याची गावरान कपाशी लावली होती. पीक चांगलं छातीएवढं आलेलं. एक दिवस घोड्यावरून कुणी साहेब आला. त्यानं बोंड तोडलं, धागा ओढून पाहिला आणि हा धागा विलायतेतल्या यंत्रांवर चालत नाही, तिकडच्या मापात बसत नाही, म्हणून उभं पीक उपटायचा हुकूम देऊन पुढच्या गावाला गेला. पणजोबा बांधावर उभे राहून स्वतःच्याच गड्यांना कपाशी उपटताना बघत राहिले. ही गोष्ट सांगताना फुवा नेहमी एका ठिकाणी थांबायचे. "त्यांना कुणी विचारलं नाही रे," असं म्हणायचे आणि उपरण्यानं चष्मा पुसायला घ्यायचे. त्या क्षणी आम्हा मुलांना हसू यायचं नाही. एरवी यायचं.

कारण एरवी फुवांचं भांडण हा गावाचा करमणुकीचा ठेवा होता. चहा ही इंग्रजांनी आपल्याला लावलेली सवय, म्हणून फुवा चहाला शिवत नसत. ते काढा घ्यायचे. त्या काढ्यात आलं, गवती चहा, दूध, साखर आणि फुईनं गुपचूप टाकलेली चहाची पूड असे. पन्नास वर्षं नवराबायकोपैकी कुणीही त्याला चहा म्हटलं नाही. पाहुण्यानं चुकून "चहा फक्कड झालाय" म्हटलं, तर फुई डोळ्यांनी असा दम द्यायची की पाहुणा पुढचा घोट काढा म्हणूनच गिळायचा. गोठ्यातल्या बैलांची नावं गव्हर्नर आणि कलेक्टर. साहेबाला औताला जुंपण्याचं समाधान त्यांना रोज सकाळी मिळायचं. एकदा गारपिटीचा पंचनामा करायला आलेल्या एका तरुण अधिकाऱ्यानं अंगणातून हाक देऊन, "कलेक्टर साहेबांचा इथं काही निरोप आलाय का?" असं विचारलं. फुईनं चुलीपासूनच उत्तर दिलं, "कलेक्टर गोठामा शे. आत्तेच चारा खाईसन बठेल शे." तो अधिकारी बराच वेळ शर्टाचं वरचं बटण लावत उभा होता.

क्रिकेट त्यांना कळत नसे, पण ट्रान्झिस्टर कानाला लावून ते फक्त इंग्लंडचे सामने ऐकत. इंग्लंड हरलं की घरात गूळ वाटला जाई. हरवणारा देश कोणता, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. काही वर्षं तर वेस्ट इंडीजमुळे गुळाच्या ढेपाच्या ढेपा लागल्या. रेल्वेचं प्रकरण आणखी नाजूक. पाचोऱ्याहून जामनेरला जाणाऱ्या छोट्या गाडीवर त्यांचं विलक्षण प्रेम होतं, पण ती बांधली इंग्रजांनी आणि बांधली ती माणसांसाठी नव्हे तर कापूस ओढून न्यायला, हे त्यांना विसरता येत नसे. त्यामुळे ते तिकीट काढत आणि तपासनीस आला की ते पुढं धरून म्हणत, "हे घ्या. पण मी हे निषेधासह दाखवतोय." त्या मार्गावरचे तपासनीस पुढं पुढं त्यांना लांबूनच हात जोडून म्हणायचे, "आबा, निषेध पोहोचला."

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे फुवांचं इंग्रजी. ते त्यांनी धुळ्याच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकताना जे धरलं ते सोडलं नाही. शत्रूला सुनावायचं तर त्याच्याच भाषेत सुनावलं पाहिजे आणि त्यात व्याकरणाची चूक झाली तर सगळा दरारा जातो, असं त्यांचं म्हणणं. खताच्या पोत्यावरच्या इंग्रजीतल्या चुका ते खिळ्यानं दुरुस्त करत. कधीतरी एखादा इंग्रज समोर बसेल आणि त्याला पणजोबांच्या कपाशीपासून सगळा हिशेब ऐकवता येईल, यासाठी त्यांनी एक भाषण रचलं होतं आणि त्याची तालीम ते केळीच्या बागेत पाणी धरताना करत. सुरुवात "सर, प्लीज सिट डाउन" अशी. भांडायचं म्हणून काय झालं, उभ्या माणसाशी भांडणं फुवांना असभ्य वाटे. बागेतून इंग्रजी ऐकू येण्याची गावाला इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी आवाज आला नाही, तर शेजारचे लोक "आबानी तब्येत बरी नही का?" म्हणून विचारायला येत.

अडचण एकच होती. इंग्रज मिळत नव्हता. पाचोऱ्याच्या बाजारात तो येण्याचं कारण नव्हतं. म्हणून फुवा हिवाळ्यात एकदा खास अजिंठ्याला गेले. मी बरोबर होतो. लेण्यांच्या पायऱ्यांवर जपानी होते, फ्रेंच होते, आणि सर्वांत शेवटी उन्हानं लालबुंद झालेला एक उंच म्हातारा होता. फुवांनी त्याला कठड्यावर बसवलं आणि सुरुवात केली. म्हातारा मान डोलावत सगळं ऐकत होता. शेवटी म्हाताऱ्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, आपण स्वीडनचे आहोत असं मोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि खिशातून एक गोळी काढून दिली. परतीच्या एसटीत फुवा वाकोदपर्यंत ती गोळी चघळत होते. मग म्हणाले, "गोळी बरी होती. पण सगळं वाया गेलं रे सुधाकर."

पुढं नव्वद साल ओलांडलं आणि फुवांना एकाएकी दिवस बरे आले. म्हणजे काळजीचे आले. त्यांना ते सारखेच. गावात छपरांवर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या, शीतपेयांच्या पाट्या झळकल्या, परदेशी कंपन्या येणार अशी रोज चर्चा. ओट्यावर बसून फुवा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "कंपनी सरकार परत आलं बघा. या वेळेला घोड्यावरून नाही, वरून येतंय," आणि छत्रीकडे बोट दाखवत. कुणी फारसं मनावर घेत नसे. पण एक दिवस कंपनी त्यांच्या घरातच आली, आणि तिला घेऊन आली त्यांची स्वतःची मुलगी.

कुमुद ही फुवांची एकुलती एक. धुळ्याला शेतीचं शिक्षण घेतलेली, बापासारखीच हट्टी, फक्त तिचा हट्ट पुढं तोंड करून उभा असायचा. लग्न करून ती गावातच राहिली आणि शेती तिनं हातात घेतली. प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली केळीची रोपं आणली. फुवा त्यांना "विलायती दत्तक" म्हणत. ठिबकच्या नळ्या टाकल्या. मग आजूबाजूचे वीसेक शेतकरी जमवून तिनं ठरवलं की दिल्लीच्या वॅगनमध्ये घड कोंबून पाठवण्यापेक्षा काही माल खोक्यात भरून आखाती देशांत पाठवायचा. माल घेणारी कंपनी लंडनची निघाली. "केळी आपली, खाणार अरब आणि मध्ये पुन्हा हेच!" फुवा म्हणाले आणि त्या दिवशी त्यांनी काढाही घेतला नाही.

कंपनीचा माणूस बाग बघायला येणार असं ठरलं, तेव्हा कुमुदनं मला बँकेत फोन केला. मी तेव्हा जळगावला पिंप्राळ्यात राहत होतो. "दादा, आबांना दोन दिवस तुझ्याकडे ठेवून घे. डोळे तपासायचे आहेत म्हणून पाठवते," ती म्हणाली. "वीस घरं या सौद्यावर डोळे लावून बसलीत. आबांनी त्याला खुर्ची देऊन पणजोबा सुरू केले, तर संपलंच सगळं." मी हो म्हणालो. मग तीच पुढं म्हणाली, "आणि तो माणूस जळगावलाच उतरणार आहे. तेवढा स्टेशनवरून आणून जीपमध्ये बसवून दे." एकाच माणसाला दोन कामं सांगितली की ती एकमेकांना भेटतातच, हे त्या हुशार मुलीच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही. फुवा आदल्या दिवशी माझ्याकडे आले. पाहुणा यायच्या दिवशी मी सकाळी स्कूटर काढली, तर मागच्या सीटवर बसायला फुवा तयार. धुतलेलं धोतर, वर लग्नातला काळा कोट, हातात छत्री. "कुमुद घरातून फोनवर बोलते ते मला सगळं ऐकू येतं," ते म्हणाले. "चल."

पाहुण्याचं नाव पर्सॉड, एवढंच आम्हाला माहीत होतं. गाडी आली. फुवा पहिल्या वर्गाच्या डब्यापाशी ताठ उभे राहिले. एकही गोरा माणूस उतरला नाही. एक सावळे, जाडसर, टाय लावलेले, पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ तेवढे बॅग सांभाळत उतरले. आपल्याकडचे वाटावेत असे. भुसावळच्या एखाद्या कचेरीतले हेडक्लार्क म्हणून सहज खपले असते. फुवांनी त्यांना अस्सल इंग्रजीत विचारलं, "तुमचे साहेब कुठं आहेत?" त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि ओशाळून म्हणाले, "मला वाटतं, तो मीच." मग हात पुढं केला. "पर्सॉड. लंडनहून."

फुवांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो गोंधळ उडाला तो मी कधी विसरणार नाही. ते जीपमध्ये चढले, म्हणून मीही चढलो. पाचोऱ्यापर्यंत ते त्या माणसाकडे चोरून बघत होते. बोलणं सगळं इंग्रजांचं, रंग सगळा आपला. मध्येच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पासपोर्ट विचारू का?" मी म्हटलं, "नको."

बागेत कुमुद आणि बाकीचे शेतकरी वाट बघत होते. जीपमधून फुवा उतरलेले पाहून तिनं माझ्याकडे जे पाहिलं, त्याचं मी वर्णन करत नाही. पर्सॉड मात्र कामाला लागले. केळ्याची लांबी मोजली, जाडी मोजली, साल निरखली. एक घड उत्तम. दुसऱ्या घडावर पानं घासून काळे ओरखडे पडलेले. त्यांनी मान हलवली. तिसरा पुन्हा नको. म्हणाले, "चव छान असेल, शंका नाही. पण आमच्या मापात बसत नाही."

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला कळलं, आता काही खरं नाही. फुवांनी केळी भरायचं एक रिकामं खोकं आणून उपडं घातलं. "सर, प्लीज सिट डाउन."

पर्सॉड बसले. कुमुद पुढं झाली, पण फुवांनी हात वर केला आणि ती थांबली. फुवा इंग्रजीत बोलू लागले. कपाशी, घोडा, यंत्र, माप, बांधावर उभा राहिलेला म्हातारा. इतकी वर्षं घोटलेलं भाषण, पण त्या दिवशी ते भाषणासारखं आलं नाही. अडखळत आलं, मध्ये मध्ये व्याकरणही चुकलं. "त्यांना कुणी विचारलं नाही," इथवर आले आणि थांबले.

पर्सॉडनी मोजपट्टी खिशात घातली. मग म्हणाले, "माझे पणजोबा तुमच्याच देशातले. बिहारकडच्या कुठल्याशा खेड्यातले. त्यांना कलकत्त्याला बोटीत बसवून गयानात नेलं, ऊस तोडायला. लंडनच्या लोकांना चहात साखर लागायची ना. बोटीवर चढताना कारकुनानं नाव विचारलं, यांनी प्रसाद सांगितलं, त्यानं ऐकलं तसं लिहिलं. तेव्हापासून आम्ही पर्सॉड. मी लहानपणी आईबापांबरोबर लंडनला आलो आणि केळी पिकवायच्या गोदामात हमालीपासून कामाला लागलो." ते जरा हसले. "आता तुम्हीच सांगा, तुमचं म्हणणं मी कुठल्या बाजूनं ऐकू?"

फुवांचं इंग्रजी, मराठी सगळं आटलं. बांधाच्या पलीकडं उभ्या असलेल्या फुईकडं वळून त्यांनी घरच्या बोलीत एवढंच म्हटलं, "हाऊ ते आपलाच निंघना व!" आणि त्याच दमात पाहुण्याला विचारलं, "तू जेवना का?"

पर्सॉडना अहिराणी कळायचं काही कारण नव्हतं. पण त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "माझी आजी मला रोज असंच काहीतरी विचारायची. खइले? म्हणायची. जेवलास का, असंच ना?"

झालं. मग कसली केळी आणि कसलं माप. फुईनं केळीच्या पानावर भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा असं वाढलं. पर्सॉड जेवता जेवता रडले. मी म्हणतो, ठेच्यामुळं. फुवा शेवटपर्यंत म्हणायचे, ठेच्यामुळं नाही. आमचा हा वाद मिटला नाही.

पण गोष्ट इथं संपली असती तर कुमुदचं काही भलं झालं नसतं. हात धुऊन पर्सॉड पुन्हा पर्सॉड झाले. नातं निघालं तरी माप तेच. ते त्यांच्या हातात नव्हतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. शेतकऱ्यांचे चेहरे उतरले. तेव्हा कुमुद त्यांच्यासमोर बसली आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायला लागली. माप आत्ता नको, लागवडीच्या आधी सांगा. भावाचा आकडाही तेव्हाच. सगळी बाग आम्ही तुमच्या मापाची करणार नाही. एक तुकडा तुमच्यासाठी, बाकी माल दिल्लीला जातो तसा जाईल. ओरखडे कसे टाळायचे ते तुमच्या माणसानं येऊन शिकवायचं आणि त्याचा खर्च तुमचा. त्यांनी काही मान्य केलं, काही केलं नाही. ती दोनदा उठून उभी राहिली, "मग राहू द्या" म्हणाली आणि दोनदा त्यांनी तिला बसवलं. फुवा शेजारीच होते. ती क्रियापदं चुकवत होती आणि प्रत्येक चुकीला दुरुस्त करायला फुवांचं बोट वर येत होतं. पण ते अर्ध्यावर यायचं आणि पुन्हा खाली जायचं. खतांच्या पोत्यांनाही न सोडणाऱ्या माणसाचं ते बोट खाली जाताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी पर्सॉड गेल्यावर फुवा तिला म्हणाले, "कुमे, त्याला 'राहू द्या' म्हणालीस तू."

"मग काय झालं, आबा? नसतं पटलं तर नसतं दिलं."

"तेच म्हणतोय," फुवा म्हणाले. रात्री गूळ वाटला गेला. इंग्लंडचा त्या दिवशी कुठंही सामना नव्हता.

पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या वर्षीचा बराच माल नाकारला गेला, एका वर्षी बंदरातच काळा पडला, दोघाचौघांनी गट सोडला. पण गट टिकला. पत्र्याच्या एका शेडमध्ये गावातल्या बायका केळ्यांच्या फण्या धुऊन, पुसून खोक्यात भरायला लागल्या आणि त्यातल्या काही जणींच्या हातात पहिल्यांदाच स्वतःचा म्हणून पगार पडला. पर्सॉड दर वर्षी यायचे. फुवा त्यांना प्रसादराव म्हणायचे आणि त्यांच्याशी तासन् तास भांडायचे. कारण बोलायला माणूस मिळाल्यावर भांडण थांबवण्यात काय अर्थ होता? फक्त आवाज उतरला होता. सावत्र भावाशी वाटणीवरून बोलावं तसं ते असायचं.

दशक संपत आलं तेव्हा कंपनीनं कुमुदला तिकडचा बाजार बघायला लंडनला बोलावलं. आमच्या घराण्यातलं समुद्र ओलांडणारं ते पहिलं माणूस. फुवांनी तिला एकही सूचना केली नाही. ती परत आली त्या संध्याकाळी आम्ही सगळे ओट्यावर जमलो. तिनं मोठमोठी दुकानं सांगितली, केळ्यांचे ढीग सांगितले, जमिनीखालच्या गाड्या सांगितल्या. फुवा सगळं ऐकत होते. तेव्हा ते खूप थकले होते. ऐकायलाही कमी यायचं. सगळ्यांचं विचारून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आणि माणसं कशी आहेत गं तिथली?"

कुमुदनं थोडा विचार केला. "काय सांगू, आबा? मी राहत होते तिथं कोपऱ्यावर बस थांबायची. रोज सकाळी एक म्हातारी उभी असायची. आपल्या आईएवढी. हातात पिशवी. पाऊस, गार वारा, आणि बस काही वेळेवर यायची नाही. उभी असायची बिचारी. मला बघून हसायची."

फुवा गिरणेकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा पहिल्यांदाच एक इंग्रज माणूस आलं होतं, आणि ते घोड्यावर नव्हतं.

"थंडी वाजत असेल तिला," ते म्हणाले. मग कुमुदकडं वळून, "बसमध्ये चढल्यावर तिला कुणी जागा देतं का?"